पहाटे दूध टाकणाऱ्या माणसाने ८०० मीटरच्या धावपटूला ३५ किलोमीटर पळवलं, अन् ऑलिम्पिकचं गोल्ड आलं

मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांसाठी आठवड्यातला सगळ्यात मोठा दिवस म्हणजे रविवार. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी पळणारी मंडळी पावसाळा सरला की रविवारी पहाटेच घराबाहेर पडतात. आधी २० किलोमीटर, मग २५, मग ३०. याला म्हणतात लाँग रन.

गंमत म्हणजे हा रन जोरात पळायचा नसतो. शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतक्याच वेगात पळायचं, फक्त थांबायचं नाही. पण निवांत पळून माणूस वेगवान कसा होणार?

या प्रश्नाचं उत्तर न्यूझीलंडच्या एका माणसाने स्वतःच्या शरीरावर प्रयोग करून शोधलं. त्यांचं नाव आर्थर लिडियार्ड.

लिडियार्ड यांचा जन्म ६ जुलै १९१७ चा, ऑकलंडचा. बुटांच्या कारखान्यात नोकरी आणि हौस म्हणून रग्बी, असं साधं आयुष्य. रग्बी खेळतोय म्हणजे आपण फिट आहोत, असा त्यांचा समज होता.

तो समज जॅक डोलन या मित्राने मोडला. डोलन त्यांना ८ किलोमीटर पळायला घेऊन गेला आणि लिडियार्ड यांची पार दमछाक झाली. तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. आत्ताच ही अवस्था असेल तर पन्नाशीत काय होईल, या विचाराने त्यांना झोप लागेना. मग ते पळायला लागले.

तेव्हा पळण्याचं ट्रेनिंग म्हणजे ट्रॅकवर ४०० मीटर जोरात पळायचं, थोडा दम खायचा आणि पुन्हा पळायचं. लिडियार्ड यांच्याकडे ना कोच होता ना प्रयोगशाळा. घर चालवायला ते पहाटे दूध टाकायचंही काम करायचे. उरलेल्या वेळात ते पळायचे. कधी अफाट अंतर, कधी अगदी कमी. कधी जोरात, कधी निवांत. कशाने शरीर मोडतं आणि कशाने सुधारतं, हे ते बघत राहिले.

काही वर्षांनी गणित जमलं. आठवड्याला साधारण १६० किलोमीटर, तेही दम न लागता, आणि त्यात एक दिवस खूप लांबचा. १९५३ आणि १९५५ मध्ये ते मॅरेथॉनमध्ये न्यूझीलंडचे चॅम्पियन झाले.

तोवर ऑकलंडमधली काही पोरं त्यांच्यामागे पळायला लागली होती. मरे हॅलबर्ग हा त्यातला एक. रग्बी खेळताना झालेल्या दुखापतीने त्याचा डावा हात कायमचा अधू झाला होता. दुसरा बॅरी मॅगी. आणि तिसरा पीटर स्नेल.

दर रविवारी लिडियार्ड या पोरांना शहराच्या पश्चिमेला वाईटाकेरेच्या डोंगरात घेऊन जायचे. वायआटारुआचा हा फेरा २२ मैलांचा, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटरचा. सगळा चढउताराचा रस्ता.

स्नेल ८०० मीटरचा धावपटू. त्याची शर्यत दोन मिनिटांच्या आत संपते. असल्या माणसाला ३५ किलोमीटर पळवायचं म्हणजे त्याचा वेगच मारायचा, असं तेव्हाच्या जाणकारांना वाटायचं. पहिल्यांदा हा फेरा करताना स्नेलचीही वाट लागली. पण पुढच्या रविवारांमध्ये तोच रस्ता त्याच्या अंगवळणी पडला.

लिडियार्ड यांचं म्हणणं साधं होतं. वेग बहुतेकांकडे असतो, तो शेवटपर्यंत टिकत नाही. म्हणून आधी १० ते १२ आठवडे फक्त दमसास वाढवायचा. मग टेकड्यांवरचं ट्रेनिंग आणि सगळ्यात शेवटी ट्रॅकवरचा वेग. पाया भरल्याशिवाय मजला चढवायचा नाही.

१९६० साली रोम ऑलिम्पिक आलं. न्यूझीलंडच्या अधिकृत पथकात कोच म्हणून लिडियार्ड यांचं नाव नव्हतं. चाहत्यांनी पैसे गोळा केले तेव्हा ते रोमला पोहोचले.

२ सप्टेंबरला स्नेलने ८०० मीटरचं गोल्ड मारलं. तासाभराच्या आत हॅलबर्गने ५,००० मीटरचं. शेवटच्या तीन फेऱ्या उरलेल्या असतानाच तो सुसाट सुटला होता आणि तो अखेरपर्यंत कुणाच्या हाती लागला नाही. आठवडाभराने मॅगीने मॅरेथॉनचं ब्राँझ आणलं. तीन वेगवेगळी अंतरं, पण रविवारचा रस्ता एकच.

टीकाकारांचं तोंड पुरतं बंद झालं ते पुढे. डिसेंबर १९६१ मध्ये स्नेल चक्क मॅरेथॉन पळाला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत त्याने एक मैल आणि ८०० मीटर या दोन्हींचे जागतिक विक्रम मोडले. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये ८०० आणि १,५०० मीटरची दोन्ही गोल्ड त्याचीच होती.

हे घडतं कसं?

निवांत वेगात बराच वेळ पळालं की स्नायूंमध्ये रक्ताच्या सूक्ष्म वाहिन्या वाढतात. पेशींमध्ये ऊर्जा तयार करणारे मायटोकाँड्रिया वाढतात. शरीर चरबी जाळायला शिकतं, त्यामुळे स्नायूंमधला ग्लायकोजेनचा मर्यादित साठा पुरवून वापरता येतो. मॅरेथॉनमध्ये ३० किलोमीटरनंतर पाय जड होतात, त्याचं एक मोठं कारण हा साठा संपणं हेच असतं.

पण ८०० मीटरवाल्याला याचा काय फायदा? यावर पुढे खुद्द स्नेलनेच अभ्यास केला. पळणं सोडल्यावर तो अमेरिकेत शिकला आणि व्यायामशास्त्राचा संशोधक झाला. त्याने केलेला उलगडा असा की, लांब पळताना आधी संथ स्नायूतंतू काम करतात. ते थकले की शरीर वेगाचे तंतू कामाला लावतं. म्हणजे रनच्या शेवटच्या टप्प्यात वेगाच्या तंतूंनाही दमसासाचं ट्रेनिंग मिळतं.

लिडियार्ड मात्र फक्त चॅम्पियन घडवून थांबले नाहीत. हृदयविकार झालेल्या माणसाने अंथरुणात पडून राहायचं, अशी तेव्हाची समजूत होती. लिडियार्ड यांनी असल्या मध्यमवयीन लोकांनाही हळूहळू पळायला लावलं. १९६२ मध्ये ऑकलंडमध्ये जॉगर्स क्लब निघाला. त्याच वर्षी अमेरिकन कोच बिल बॉवरमन तिथे आले आणि जॉगिंगचं हे वेड घेऊन परत गेले. हेच बॉवरमन पुढे नायकी कंपनीचे सहसंस्थापक झाले.

त्यानंतर लिडियार्ड फिनलंडमध्ये जाऊन तिथल्या कोचना शिकवून आले. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये फिनलंडने १,५००, ५,००० आणि १०,००० मीटरची गोल्ड जिंकली.

११ डिसेंबर २००४ रोजी अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये लिडियार्ड यांचं निधन झालं. वय ८७. त्या वयातही ते व्याख्यानांच्या दौऱ्यावर होते आणि गावोगावच्या धावपटूंना तेच सांगत होते, की आधी दमसास कमवा, वेगाचं नंतर बघू.