मृगातील हिरवी रेषा : प्रा. कावसजी नायगमवाला

मृग नक्षत्र आपल्याकडे शेतकऱ्यालाही ठाऊक असते. हिवाळ्यातील रात्री पूर्वेकडे पाहिले की एका ओळीतले तीन तारे सहज ओळखू येतात. व्याधाने मृगाला मारलेला हाच तो बाण, असे जुनी माणसे सांगतात. या बाणाजवळच एक अंधूक, धुरकट ठिपका दिसतो. तो तारा नव्हे. तो वायूचा आणि धुळीचा अवाढव्य मेघ आहे व त्यात आजही नवे तारे जन्माला येत आहेत. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यातील एका प्राध्यापकाने या तेजोमेघाचा प्रकाश लोलकातून पाहिला आणि जे दिसले ते जगाला निःशंकपणे कळवले. त्यांचे नाव कावसजी दादाभाई नायगमवाला.

नायगमवाला यांचा जन्म 1857 सालचा. मुंबईच्या एलफिन्स्टन कॉलेजातून 1878 मध्ये पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र या विषयांत ते एम. ए. झाले. पुढे त्याच महाविद्यालयात ते अध्यापन करू लागले. 1882 मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी महाविद्यालयास पाच हजार रुपयांची देणगी दिली आणि मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. या पैशातून प्रकाशाच्या अभ्यासाची प्रयोगशाळा उभारावयाची होती. उपकरणे आणण्यासाठी नायगमवाला 1884 मध्ये इंग्लंडला गेले. तेथील खगोलशास्त्रज्ञांशी बोलल्यावर बेत मोठा झाला. साध्या प्रयोगशाळेऐवजी ताऱ्यांच्या प्रकाशाचे पृथक्करण करणारी वेधशाळाच का उभारू नये, असा विचार पुढे आला. परतल्यावर त्यांची बदली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाली. हेच पुढे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. तेथे 1888 च्या सुमारास महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिची मुख्य परावर्तक दुर्बीण डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यात घडलेली होती. पुढे वीस इंची दुर्बीण म्हणून ओळखली गेलेली ही दुर्बीण अनेक दशके भारतातील सर्वांत मोठी होती.

त्या काळी मृगातील तेजोमेघावरून युरोपात वाद पेटला होता. तो समजून घेण्यासाठी थोडे थांबले पाहिजे. तप्त व विरळ वायूचा प्रकाश लोलकातून गेला की इंद्रधनुष्याची अखंड पट्टी उमटत नाही. काही ठरावीक रंगांच्या सुट्या रेषाच दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा वेगळ्या असतात. तेजोमेघाच्या प्रकाशात एक हिरवी रेषा सर्वांत ठळक होती, पण ती कोणत्या द्रव्याची हे कोणालाच उमगत नव्हते. नॉर्मन लॉकयर यांचे म्हणणे असे, की तेजोमेघ म्हणजे उल्कांचे थवे असून त्यांच्या टकरींतून तापलेल्या मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा हा अवशेष आहे. तसे असेल तर रेषेची एक कड पुसट दिसावयास हवी होती. लॉकयर हे काही लहानसहान नाव नव्हते. ‘नेचर’ या जगप्रसिद्ध साप्ताहिकाचे ते संस्थापक आणि संपादक होते.

नायगमवाला यांनी पुण्याच्या आकाशात ही रेषा निरनिराळ्या रीतींनी तपासली. ती प्रत्येक वेळी बारीक व रेखीव दिसली, पुसट कड कोठेच नव्हती. हे निरीक्षण 1891 मध्ये लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील लिक वेधशाळेत जेम्स कीलर यांची काटेकोर मोजमापेही याच सुमारास लॉकयर यांच्या विरुद्ध गेली होती. तेव्हा वादाचा निकाल एकट्या पुण्याने लावला, असे म्हणता येणार नाही. परंतु परतंत्र देशातील एका प्राध्यापकाने एवढ्या वजनदार मताच्या विरोधात आपली साक्ष नोंदवली, ही गोष्ट सामान्य नव्हे.

त्या रेषेचे कोडे सुटले ते 1927 मध्ये. अमेरिकेतील आयरा बोवेन यांनी दाखवून दिले, की ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे. पृथ्वीवर हवा इतकी दाट असते की अणू ती रेषा सोडण्याआधीच एकमेकांवर आदळतात. मृगातील वायू अतिशय विरळ असल्यामुळे तेथे ती उमटते.

सुमारे 1350 प्रकाशवर्षे दूर असलेल्या त्या मेघाविषयी आज आपण पुष्कळ अधिक जाणतो. तेथील अनेक तारे एकटे नसून जोडीने जन्मतात. ताऱ्यावर कोसळणारा वायू त्याच्याभोवती चकतीसारखा फिरतो, आणि त्यातला काही भाग चकतीच्या दोन्ही बाजूंनी झोतासारखा बाहेर फेकला जातो. या झोतांचा वेग सेकंदाला शेकडो किलोमीटर असतो. तेजोमेघाच्या दक्षिणेस हर्बिग आणि हारो या शास्त्रज्ञांनी असे झोत आदळून उजळलेले ठिपके 1950 च्या सुमारास अभ्यासले. पुढे रेडिओ दुर्बिणींनी त्यांच्या उगमापाशी अगदी शेजारी असलेले दोन बालतारे शोधले. दोघांचेही झोत आहेत, पण दिशा निरनिराळ्या! यातले पुष्कळसे ज्ञान वर्णपटातील रेषा नेमकी कोठे व कशी दिसते, हे पाहून मिळत गेले.

22 जानेवारी 1898 रोजी खग्रास सूर्यग्रहण होते. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे नायगमवाला यांनी तळ दिला. लिक वेधशाळेची तुकडीही तेथेच उतरली होती. दिवस प्लेगचे होते आणि खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. तरीही त्यांनी निरीक्षणे केली व त्यांचा सविस्तर अहवाल 1902 मध्ये प्रसिद्ध केला.

1912 मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबरच वेधशाळाही बंद करण्यात आली. तिचा सांभाळ करील असा दुसरा माणूस तयार करण्याचा विचार सरकारने केला नाही, हे खेदाने नमूद करावे लागते. उपकरणे तमिळनाडूतील कोडाईकनालला रवाना झाली. तेथे मुख्यतः सूर्याचा अभ्यास चाले, त्यामुळे ताऱ्यांसाठी आणलेली मोठी दुर्बीण कित्येक वर्षे वापराविना पडून राहिली. ती पुन्हा आकाशाकडे रोखली गेली, तेव्हा नायगमवाला हयात नव्हते. 1938 मध्ये त्यांचे निधन झाले होते.