कवीची गणिती कन्या : ॲडा लव्हलेस

इंग्लंडचा विख्यात कवी लॉर्ड बायरन याची कन्या ॲडा हिचा जन्म १० डिसेंबर १८१५ रोजी लंडन येथे झाला. ती जेमतेम महिन्याची असतानाच मातापित्यांची ताटातूट झाली. पित्याचा स्वैर स्वभाव मुलीत उतरू नये म्हणून मातेने तिला गणिताचे शिक्षण दिले. परंतु कल्पनाशक्ती अशी कोंडून का राहते? ती गणितातच बहरली!

१८३३ मध्ये, सतरा वर्षांची असताना, तिने चार्ल्स बॅबेज यांचे गणनयंत्र पाहिले. पुढे बॅबेज यांनी योजिलेल्या अधिक समर्थ यंत्रावरील एका फ्रेंच लेखाचे तिने भाषांतर केले व त्याला मूळ लेखाच्या सुमारे तिप्पट टिपणे जोडून ते १८४३ मध्ये प्रसिद्ध केले. स्वरांचे नियम सांगितल्यास हे यंत्र संगीतही रचू शकेल, हे तिने ताडले. मात्र नवी कल्पना त्याला आपण होऊन सुचणार नाही, असे तिचे मत होते. तथापि यंत्रासाठी सूत्रांची नव्याने मांडणी करताना शास्त्रज्ञाला जुन्या विषयांतही नवे संबंध दिसू लागतील, हेही तिने जाणले.

ते यंत्र कधीच पूर्ण झाले नाही. २७ नोव्हेंबर १८५२ रोजी, अवघ्या छत्तीस वर्षांची असताना, ॲडा निवर्तली. तिच्या इच्छेनुसार तिला पित्याच्या शेजारी चिरविश्रांती लाभली. १९५० मध्ये ॲलन ट्युरिंग यांनी तिच्या मताचा प्रतिवाद केला. तो वाद अद्याप मिटलेला नाही.

विद्यार्थिमित्रहो, उत्तर शोधण्यास यंत्र साहाय्य करील. पण प्रश्न विचारण्याचे कुतूहल आपणच जोपासले पाहिजे.