माहुलीचे रामशास्त्री

बौद्ध विहाराच्या स्मरणिकेत पेशवाईतल्या ब्राह्मण न्यायाधीशाचे चरित्र कशाला, असे कोणी विचारील. त्या राज्यात आमच्या वाडवडिलांच्या वाट्याला काय आले ते आम्ही विसरलेलो नाही. तरीपण हा माणूस सांगण्यासारखा आहे.

रामशास्त्री प्रभुणे साताऱ्याजवळच्या माहुलीचे. शिक्षण उशिरा, तेही काशीत. पुढे पुण्यास न्यायाधीश झाले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना कापून काढले. गादीवर बसला चुलता राघोबा, म्हणजे ज्याच्यावर संशय तोच धनी! शास्त्रीबुवांनी तरीसुद्धा चौकशी केली, दोष त्याच्याच पदरात घातला, त्याच्या तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि नोकरीवर लाथ मारून पुणे सोडले. पगार देणाऱ्याच्या विरुद्ध बोलायला काय लागते ते आम्हा गिरणीवाल्यांना विचारा.

शिक्षा मात्र झाली नाही. निकाल होता, पण बजावणार कोण? बारभाईंनी कारभार हातात घेतला तसा राघोबा इंग्रजांच्या आसऱ्याला गेला. १७८२ च्या सालबाईच्या तहात तर त्याला चक्क नेमणूक बांधून मिळाली. शास्त्रीबुवांना बारभाईंनी परत न्यायासनावर बसविले. १७८९ साली ते वारले.