विश्लेषण : झाड पाणी वर कसे चढवते? तराजू घेऊन उत्तर शोधणारे स्टीफन हेल्स

झाडाच्या शेंड्यावरच्या पानालाही रोज पाणी मिळते. झाडात ना पंप आहे, ना हृदय. मग हे काम करते कोण? जवळपास ३०० वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका धर्मगुरूने त्याचे उत्तर मोजमाप करून शोधले.

हेल्स कोण होते?

स्टीफन हेल्स यांचा जन्म १६७७ मध्ये केंट परगण्यात झाला. केंब्रिजमध्ये शिकताना त्यांना प्रयोगांची गोडी लागली. १७०९ मध्ये ते लंडनजवळच्या टेडिंग्टन गावी चर्चचे धर्मगुरू झाले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. १७१८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

तेव्हा समज काय होता?

विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये रक्ताभिसरण मांडले होते. त्यावरून झाडातला रसही शरीरातल्या रक्तासारखा गोल फिरतो, असे अनेक अभ्यासक मानत. हेल्स यांनी हा समज तपासायला घेतला.

पानांचे काम कसे कळले?

१७२४ च्या उन्हाळ्यात त्यांनी कुंडीतले सूर्यफूल निवडले. मातीतून वाफ निघून जाऊ नये म्हणून कुंडीचे तोंड शिशाच्या पातळ पत्र्याने झाकले आणि कुंडीचे सकाळ-संध्याकाळ वजन केले. दिवसाच्या १२ तासांत ते रोप सरासरी अर्ध्या किलोहून अधिक पाणी हवेत सोडत होते. आकारमानाच्या हिशेबात हे प्रमाण माणसाच्या १७ पट होते. पाने असलेल्या आणि पाने काढलेल्या फांद्या पाण्यात ठेवल्या, तेव्हा पाने असलेल्या फांद्यांनी कितीतरी जास्त पाणी ओढले. म्हणजे पाणी वर खेचणारी मुख्य ताकद पानांत होती. पानांवरच्या सूक्ष्म रंध्रांतून वाफ बाहेर पडण्याच्या या क्रियेला आज बाष्पोत्सर्जन म्हणतात.

मुळे आणि खोड काय करतात?

अवेळी छाटलेल्या एका द्राक्षवेलीतून रस गळू लागला. वेल मरेल या भीतीने हेल्स यांनी कापलेल्या टोकावर जनावराच्या मूत्राशयाची पिशवी बांधली, तर ती फुगली. पुढे नळी जोडून त्यांनी हा दाब मोजला. मुळेही पाणी वर ढकलतात, हे त्यातून दिसले. मात्र पाने फुटल्यावर वेलीचे हे गळणे थांबते.

फांदीवर चार बाजूंनी, वेगवेगळ्या उंचीवर गाभ्यापर्यंत खाचा पाडल्या तरी पाणी पुढे गेले. म्हणजे खोडात ते आडवेही वाट काढते. रस रक्तासारखा फिरत नाही, असा निष्कर्ष त्यांनी १७२७ च्या ग्रंथात मांडला.

चित्र पूर्ण केव्हा झाले?

पानांना हवेतूनही पोषण मिळत असावे, असा अंदाज हेल्स यांनी बांधला होता. तो पुढे खरा ठरला. पण पानांत तयार झालेली साखर सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जाते, हे चित्र त्यांच्या हाती पूर्णपणे आले नव्हते. पाण्याचे कण एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून पानांची ओढ मुळांपर्यंत पोहोचते, हे डिक्सन आणि जॉली यांनी १८९४ च्या सुमारास मांडले.

आणखी काय केले?

घोड्याच्या धमनीत नळी घालून त्यांनी रक्तदाब मोजला. असा रक्तदाब मोजणारे ते पहिले. मात्र या प्रयोगांत जनावरांचे जीव गेले आणि त्यावर त्यांच्या हयातीतच टीका झाली. जहाजे आणि तुरुंगांतल्या कोंडलेल्या हवेसाठी त्यांनी वायुवीजन यंत्रेही बनवली. ४ जानेवारी १७६१ रोजी त्यांचे निधन झाले.

आज याचा उपयोग काय?

झाड उपटून दुसरीकडे लावताना बारीक मुळे तुटतात, पण पाने पाणी सोडतच राहतात. येणे कमी आणि जाणे तेवढेच, म्हणून झाड सुकते. अशा वेळी काही पाने-फांद्या छाटतात, सावली करतात आणि मुळांभोवती ओल टिकवतात. पाण्याचा जमाखर्च जुळला, तरच झाड जगते. हा हिशेब मांडायला सुरुवात केली ती हेल्स यांच्या तराजूने.