एकही पक्षी न मारणारी बंदूक

उंदीर, मासे, फळमाश्या यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांत आता कॅमेरा चित्रण करतो आणि संगणक प्राण्याचा माग काढतो. तो चुकतो तेव्हा कारणे बहुधा ठरलेली असतात. काळा उंदीर गडद जमिनीत हरवतो, वेगामुळे चित्र फरकटते, किंवा दोन आकृत्या एकमेकींवर आल्या की कोण कुठला तेच कळत नाही. या अडचणींशी संगणकाच्या कितीतरी आधी झुंजलेले गृहस्थ म्हणजे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे.

त्यांचा जन्म १८३० साली बर्गंडीतील बोन गावी झाला. पॅरिसमध्ये वैद्यकीचे शिक्षण घेतल्यावर त्यांनी नाडीचे ठोके कागदावर रेषेने उमटवणारे यंत्र तयार केले. डोळ्यांवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. शरीराने आपली हालचाल स्वतःच लिहावी, असा त्यांचा आग्रह. घोड्याच्या टापांखाली हवेचे रबरी फुगे बसवून त्यांनी चालीची नोंद घेतली. गांधीलमाशीच्या पंखाच्या टोकाला सोन्याचा वर्ख लावला, तेव्हा उन्हात इंग्रजी आठच्या आकड्याचा चमकता माग दिसला. पण पक्ष्याच्या अंगावर यंत्र बांधले, की तो आपले नेहमीचे उडणे उडतच नाही. मोजण्याच्या साधनानेच वर्तन बदलले, तर मोजायचे काय?

१८७८ मध्ये कॅलिफोर्नियात माइब्रिज यांनी धावत्या घोड्याची छायाचित्रे काढली आणि मारे यांना वाट दिसली. १८८२ मध्ये त्यांनी छायाचित्रांची बंदूक बनवली. नेम धरून चाप ओढला की फिरत्या काचेवर सेकंदाला १२ चित्रे उमटत. (नाव मारे असले तरी या बंदुकीने पक्षी काही मेला नाही.) चित्रे मात्र फारच चिमुकली येत.

त्याच वर्षी पॅरिसच्या बुआ द बुलोन्यच्या कडेला त्यांचे संशोधन केंद्र उभे राहिले. तिथला खरा नायक कॅमेरा नव्हता, एक काळी शेड होती. समोरून उघडी, आत खोल, मागे काळी मखमल. तिच्यापुढून पांढऱ्या कपड्यातला माणूस किंवा पांढरा पक्षी गेला, की एकाच काचेवर त्याच्या लागोपाठच्या आकृत्या स्वच्छ उमटत. भोकांची चकती फिरून प्रत्येक वेळी क्षणभरच प्रकाश आत सोडी, म्हणून चित्र फरकटत नसे. चौकटीत मोजपट्टी आणि वेळ दाखवणारी तबकडीही असे. आज सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी पार्श्वभूमी, प्रकाश आणि मोजपट्टी तपासली तर निम्मी भांडणे मिटतील, असे मला वाटते.

एक अडचण उरली. हालचाल संथ असली की आकृत्या एकमेकींवर चढत आणि पायांचा गुंता होई. मारे यांचा उपाय उलटा होता: माहिती वाढवायची नाही, कमी करायची. माणसाला डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे चढवले आणि हातापायांवर फक्त पांढऱ्या पट्ट्या, सांध्यांवर ठिपके ठेवले. काचेवर माणूस नाहीसा झाला, चालणे तेवढे उरले. आजच्या चित्रणात संगणक उंदराच्या नाकावर, पंजांवर, शेपटीच्या मुळाशी ठिपके ठेवतो, त्यामागची कल्पना हीच. फरक एवढाच, की आता उंदराला रंगवावे लागत नाही.

१८८८ पासून त्यांनी काचेऐवजी सरकती पट्टी वापरली, त्यामुळे प्रत्येक चित्राला स्वतंत्र जागा मिळाली. १८९४ मध्ये त्यांनी उलटे धरलेले मांजर खाली सोडून सेकंदाला ६० चित्रे घेतली. आधार नसताना हवेत वळणे अशक्य, मांजर सोडणाऱ्याच्या हातांना रेटा देत असणार, असे जाणकारांचे मत होते. चित्रांत दिसले ते वेगळेच. मांजर आधी न वळताच पडू लागते. मग पुढचे पाय आखडून, मागचे ताणून शरीराचा पुढचा भाग वळवते आणि त्यानंतर पाय उलट स्थितीत आणून मागचा. फ्रेंच विज्ञान अकादमीतल्या गणितज्ञांना आपली समजूत पुन्हा तपासावी लागली.

पडद्यावर करमणूक दाखवण्यात मारे यांना रस नव्हता. चित्रपटाचे श्रेय आणि पैसा इतरांकडे गेला. मे १९०४ मध्ये ते वारले, माइब्रिज यांच्यानंतर अवघ्या आठवड्याभरात. दोघांचे जन्मसालही एकच. काळ्या शेडच्या त्या परिसरात आज रोलां गारोची टेनिस मैदाने आहेत.