नामदार गोखल्यांचा हिशेब

१ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ झालेल्या भूसुरुंगस्फोटात १५ पोलीस जवान मृत्युमुखी पडले. त्यामुळे सुरक्षेवरील खर्च व्यर्थ आहे, असे या मुलखातील कोणी म्हणणार नाही. परंतु तो खर्च कोणत्या गरजा मागे सारून होतो, हे विचारणे म्हणजे देशद्रोह नव्हे. हा प्रश्न आयुष्यभर धरून बसलेल्या नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे स्मरण येथे उचित ठरेल.

गोखल्यांचा जन्म १८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. वडिलांच्या अकाली निधनानंतर थोरल्या बंधूंनी पोटाला चिमटा घेऊन त्यांना शिकविले. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन करीत असतानाच न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली त्यांनी सरकारी आकडे वाचण्याची विद्या आत्मसात केली. १८९७ साली लंडनमध्ये वेल्बी आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली.

२६ मार्च १९०२ रोजी वरिष्ठ कायदेमंडळातील अंदाजपत्रकावरील पहिल्याच भाषणात त्यांनी सरकारच्या शिलकेचे बिंग फोडले. रुपयाचा भाव घसरत असताना लादलेले कर भाव सावरल्यावरही कायम ठेवले गेले. शिल्लक पडली ती त्यामुळे, रयतेच्या भरभराटीमुळे नव्हे. दुष्काळ व प्लेग यांनी लोक गांजलेले असताना अशी शिल्लक लष्करी खर्चाला मोह घालते, हे त्यांनी ओळखले होते. सैन्य नकोच, असे त्यांचे म्हणणे नव्हते. साम्राज्याच्या महत्त्वाकांक्षेचा भार हिंदी करदात्याने का वाहावा, एवढेच ते विचारीत. १९०७ च्या इंग्लंड-रशिया करारानंतर वायव्य सरहद्दीवरील भय ओसरले. तेव्हा वाचणारा पैसा शिक्षणाकडे वळवावा, असा त्यांचा आग्रह होता.

यश अंशतः आले. १९०३ ते १९०७ या काळात मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून एक रुपयावर आला. परंतु १९११ साली त्यांनी मांडलेले प्राथमिक शिक्षणाचे विधेयक पुढील वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी ते निवर्तले. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा देशभर अमलात येण्यास १ एप्रिल २०१० उजाडावा लागला.

ठाण्यावर झालेला खर्च डोळ्यांना दिसतो. शाळेवर न झालेला दिसत नाही. म्हणूनच या दोन्ही रकमा शेजारी शेजारी मांडून लोकप्रतिनिधींनी सरकारला जाब विचारला पाहिजे. कुरखेड्यासारख्या तालुक्याला दोहोंचीही गरज आहे.