खाशाबा जाधव

खाशाबा दादासाहेब जाधव (१५ जानेवारी १९२६ – १४ ऑगस्ट १९८४) हे महाराष्ट्रातील कुस्तीगीर होते. १९५२ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे झालेल्या ऑलिंपिक स्पर्धेत मुक्त शैलीच्या कुस्तीत ५७ किलो वजनगटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय. लाल मातीत शिकलेली कुस्ती गादीवर उतरवताना शरीराच्या कोणत्या क्षमता उपयोगी पडतात आणि कोणत्या नव्याने कमवाव्या लागतात, हे त्यांच्या कारकिर्दीतून स्पष्ट दिसते. केवळ बळावर मोठे झालेले मल्ल महाराष्ट्रात पुष्कळ होऊन गेले. खाशाबांची ख्याती मात्र चपळाई, तोल आणि डाव साधण्याची अचूक वेळ यांमुळे झाली.

बालपण आणि तालीम

खाशाबांचा जन्म सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. पाच भावांत ते सर्वांत धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पहिलवान असल्याने घरात कुस्तीचे वातावरण होते आणि वयाच्या पाचव्या वर्षापासून वडिलांनी त्यांना कुस्तीचे धडे दिले. शालेय शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. १९४२ च्या 'छोडो भारत' आंदोलनाच्या काळात सातारा जिल्हा भूमिगत चळवळीचे मोठे केंद्र होता. त्या वेळी विद्यार्थी असलेल्या खाशाबांनी भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देण्याच्या कामी मदत केली. पुढे महाविद्यालयीन शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. बाबूराव बलावडे व बेलापुरे गुरुजी हे त्यांचे मार्गदर्शक होते.

कुस्तीखेरीज धावणे, पोहणे, वजन उचलणे, हातोडाफेक अशा खेळांतही त्यांनी भाग घेतला. ही बाब वरवर किरकोळ वाटते, परंतु त्यांच्या पुढच्या यशाशी तिचा निकटचा संबंध आहे. धावण्याने आणि पोहण्याने दमसास वाढतो. हातोडा फेकताना पायांतून निघालेला जोर कमरेच्या फिरकीतून हातापर्यंत पोचवावा लागतो, आणि कुस्तीतील फेकीच्या डावांतही नेमके हेच घडते.

तालमीतील पारंपरिक मेहनतीची रचनाही अशीच सर्वांगीण असते. जोर मारल्याने खांदे, छाती व पाठीचा कणा बळकट आणि लवचीक होतो; बैठकांनी मांड्या व पोटऱ्या घडतात; आखाड्याची माती फावड्याने खणून उलथण्याने पकड आणि कंबर तयार होते. यांतील प्रत्येक व्यायाम शेकड्यांच्या संख्येने आणि एका लयीत केला जात असल्याने बळासोबत श्वासावरही ताबा येतो. मात्र जोडीशी रोज होणारी लढत नसेल, तर ही सारी मेहनत कुस्तीच्या दृष्टीने अपुरी ठरते. समोरच्याचे वजन कोणत्या पायावर आहे हे डोळ्यांआधी हाताला कळणे, ही जाण फक्त लढतीतूनच येते.

ढाक

खाशाबांची उंची बेताची, सुमारे साडेपाच फूट, आणि अंगलट सडपातळ होती. बोजड प्रतिस्पर्ध्याला रेटून पाडणे हा त्यांचा मार्ग नव्हता. ढाक हा त्यांचा हुकमी डाव होता. यात प्रतिस्पर्ध्याची मान व हात जखडून मल्ल झटक्यात वळतो, आपली कंबर त्याच्या कमरेखाली घालतो आणि त्याला अंगावरून पलटवून पाठीवर पाडतो. डाव साधला तर कुस्ती तिथेच निकाली निघते. वळण अर्धवट राहिले तर मात्र डाव टाकणाऱ्याची पाठ उघडी पडते. म्हणून ढाकेत वेग, कमरेची लवचीकता, पायांचा तोल आणि योग्य क्षणाची निवड या चारही गोष्टी एकाच वेळी जमाव्या लागतात. अंगात कितीही ताकद असली तरी यांपैकी एक उणी पडल्यास डाव फसतो. खाशाबांच्या ठिकाणी या गोष्टींचा मेळ बसलेला होता.

लंडन, १९४८

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी खाशाबांची निवड झाली. प्रवासखर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. लंडनला पोचेपर्यंत गादीवरील कुस्तीचा त्यांना जवळजवळ अनुभव नव्हता. अमेरिकेचे माजी कुस्तीगीर रीस गार्डनर यांनी तेथे त्यांना आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मार्गदर्शन केले.

माती आणि गादी यांतला फरक केवळ पृष्ठभागाचा नाही. तेल, ताक, हळद घालून मऊ केलेल्या मातीत पाऊल किंचित रुतते आणि त्यामुळे रेटा द्यायला आधार मिळतो. गादीवर हा आधार नसल्याने पायांची हालचाल सतत आणि हलकी ठेवावी लागते. मातीतल्या कुस्तीत लांग किंवा जांघ्या धरून डाव करता येतो, मुक्त शैलीत पोशाख धरण्यास मनाई आहे. मातीत चितपट हाच निकाल मानला जात असल्याने मल्ल प्रतिस्पर्ध्याला दमवत, संधीची वाट पाहत बराच काळ खडाखडी करू शकतो. गादीवर वेळ ठरलेला असतो आणि चितपट झाली नाही तर पंच निर्णय देतात, त्यामुळे वाट पाहणारा मागे पडतो. थोडक्यात, मातीत कमावलेले बळ गादीवर टिकते. बदलावा लागतो तो त्याचा वेग.

इतक्या थोड्या तयारीवर खाशाबांनी फ्लायवेट म्हणजे ५२ किलो गटात ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिस आणि अमेरिकेच्या बिली जर्निगन यांना हरवले. इराणच्या मन्सूर रईसी यांच्याकडून मात्र ते पराभूत झाले आणि सहाव्या क्रमांकावर राहिले. नवख्या मल्लाच्या दृष्टीने हे यश लहान नव्हते.

निवडीचा व पैशांचा प्रश्न

पुढील चार वर्षे त्यांनी सराव वाढवला आणि वरच्या, बँटमवेट गटात खेळण्याची तयारी केली. १९५२ च्या निवडीत मात्र वाद निर्माण झाला. मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला जाणूनबुजून एक गुण कमी देण्यात आला, अशी त्यांची तक्रार होती. भारतीय ऑलिंपिक संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष, पटियाळाचे महाराज यादवेंद्रसिंग यांच्याकडे त्यांनी दाद मागितली. महाराजांनी निरंजन दास यांच्याशी त्यांची पुन्हा कुस्ती लावली. ती खाशाबांनी जिंकली आणि त्यांचा संघात समावेश झाला.

निवड झाली तरी प्रवासाचा खर्च स्वतःच उभा करावा लागणार होता. गोळेश्वर व परिसरातील ग्रामस्थांनी वर्गणी काढली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. स्वातंत्र्य मिळून पाच वर्षे झालेल्या देशाचा ऑलिंपिकपटू अशा रीतीने गावच्या वर्गणीवर आणि एका शिक्षकाच्या घरावर परदेशी गेला. पदकाइतकीच ही हकिगतही महाराष्ट्रात आजवर सांगितली जाते.

हेलसिंकी, १९५२

हेलसिंकीत खाशाबांनी पहिल्या फेरीत कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विन यांना चितपट केले. ही लढत चौदा मिनिटांहून अधिक चालली. पूर्ण लढतीची मुदत १५ मिनिटांची होती, म्हणजे अखेरच्या क्षणांपर्यंत त्यांची डाव टाकण्याची ताकद शिल्लक होती. दुसऱ्या लढतीत मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तो यांना त्यांनी सुमारे पाच मिनिटांत अस्मान दाखवले. जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झ यांच्याविरुद्धची कुस्ती पंचांच्या बहुमताच्या निर्णयावर त्यांच्या बाजूने सुटली. त्या काळी बाद फेरीऐवजी दंडगुणांची पद्धत होती. पराभवाला, तसेच चितपट न करता मिळवलेल्या विजयालाही दंडगुण लागत आणि मर्यादा ओलांडणारा मल्ल स्पर्धेबाहेर जाई. खाशाबा अखेरच्या तिघांत पोचले.

उरलेले दोघे मल्ल जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मम्मदबेयोव हे होते. इशी मूळचे ज्युदोपटू, त्यामुळे तोल मोडण्याच्या आणि फेकीच्या कलेत तयार होते. ढाकेवर भिस्त असलेल्या मल्लासमोर असा प्रतिस्पर्धी येणे अवघडच. या दोन्ही लढती खाशाबा गुणांवर हरले. दोन लढतींच्या मध्ये नियमानुसार किमान अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. ती त्यांना मिळाली नाही आणि हरकत घेण्यासाठी भारतीय पथकाचा कोणीही अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. १५ मिनिटांच्या झुंजीनंतर स्नायूंतील थकवा उतरून श्वास पूर्ववत व्हायला वेळ लागतो. ढाकेसारखा डाव तर क्षणाच्या वेगावर अवलंबून असल्याने थकव्याचा पहिला फटका त्यालाच बसतो. विश्रांती मिळाली असती तर निकाल बदलला असता असे ठामपणे म्हणता येत नाही, परंतु पूर्ण तयारीचे खाशाबा त्या लढतीत दिसले नाहीत, एवढे खरे.

इशी यांना सुवर्ण, मम्मदबेयोव यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. इशी यांचे सुवर्ण हे दुसऱ्या महायुद्धानंतरचे जपानचे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक ठरले. याच स्पर्धेत महाराष्ट्राचे केशव माणगावे ६२ किलो गटात चौथे आले. त्यांचे पदक थोडक्यात हुकले. भारतीय हॉकी संघाने सुवर्णपदक राखल्याने देशभर कौतुकाचा ओघ तिकडे वळला.

कराडमध्ये मात्र चित्र वेगळे होते. खाशाबा परतले तेव्हा १५१ बैलगाड्यांची मिरवणूक काढून त्यांना गावी नेण्यात आले. त्यानंतर त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवली आणि त्यांतून मिळालेल्या रकमेतून प्राचार्य खर्डेकरांचे घर सोडवले.

पोलीस सेवा आणि अखेरची वर्षे

१९५५ साली खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची तयारी चालू असताना गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपली. वळणाऱ्या कमरेचा सारा भार गुडघ्यावर येत असल्याने फेकीचे डाव खेळणाऱ्या मल्लाला ही दुखापत विशेष घातक असते. पोलीस खात्यात त्यांनी खात्यांतर्गत स्पर्धा गाजवल्या आणि क्रीडा मार्गदर्शक म्हणूनही काम केले. सुमारे २७ वर्षांच्या सेवेनंतर ते साहाय्यक पोलीस आयुक्त पदावरून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी त्यांना दीर्घकाळ झगडावे लागले आणि अखेरची वर्षे आर्थिक ओढग्रस्तीत गेली. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या क्रीडाज्योत दौडीत त्यांचा सहभाग होता. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले.

मरणोत्तर सन्मान

महाराष्ट्र शासनाने त्यांना शिवछत्रपती पुरस्कार आणि केंद्र शासनाने अर्जुन पुरस्कार मरणोत्तर दिला. पद्म पुरस्कारासाठी मागणी अनेकदा होऊनही तो त्यांच्या वाट्याला आलेला नाही. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या निमित्ताने दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्ती आखाड्याला त्यांचे नाव देण्यात आले. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. त्यांच्यानंतर भारताला पुढचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक १९९६ साली अटलांटा येथे टेनिसपटू लिअँडर पेस यांनी मिळवून दिले. कुस्तीतील पुढचे पदक २००८ साली बीजिंगमध्ये सुशीलकुमार यांनी जिंकले.